आंब्याच्या साइटवर मालकाचं ऐकायचं की आंबा घेणाऱ्याचं?

कोकणी_पिक्सेल

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत राहून फ्रीलान्स वेबसाइटची कामं करतो, बहुतेक क्लायंट इकडचेच, होमस्टेवाले, दवाखाने, एक शिक्षणसंस्था आणि थंडी सुरू झाली की आंबावाले. आता देवगडच्या बाजूच्या एका बागायतदाराचं काम आलंय. बाग स्वतःची, जीआयची (भौगोलिक मानांकनाची) नोंदणी केलेली, आंबा खरंच उत्तम. मार्चमध्ये पेट्या सुटायला लागतील त्याआधी साइट लाइव्ह पाहिजे.

त्यांनी मागितलंय ते असं. उघडल्या उघडल्या बागेचा ड्रोनने काढलेला व्हिडिओ, मागे सनई वाजतेय, त्याखाली आपोआप सरकणारे फोटो, मग एक उलटं चालणारं घड्याळ आणि त्यावर "आजच्या फक्त ४ पेट्या शिल्लक", मग गोदामात कितीही पेट्या असोत. आणि भाव दाखवायचा नाही, आधी मोबाइल नंबर घ्यायचा, मग फोन करून भाव सांगायचा. शेवटच्या दोन गोष्टी त्यांनी दुसऱ्या एका आंबेवाल्याच्या साइटवर बघितल्यात.

मला यातलं जवळपास काहीच पटत नाहीये. साइट करायला बसलो की माझ्या डोळ्यासमोर ठाण्याहून लोकलमध्ये उभं राहून जाणारी एखादी बाई येते, एका हातात फोन, नेटवर्क येतंय जातंय, आणि तिला एवढंच कळायला हवंय की आज भाव काय, पेटी किती डझनाची, आमच्या पिनकोडला कधी पोचेल, आंबा तयार येतो की कच्चा, आणि खराब निघाला तर काय करायचं. तिला व्हिडिओ संपेपर्यंत थांबायला लावणं मला चुकीचं वाटतं, आणि खोटं घड्याळ लावून तिला घाई करायला लावणं तर सरळ फसवणूक वाटते.

पण पैसे ती देत नाही, बागायतदार देतात. आपल्या धंद्यात हे कायमचंच आहे, ज्याचं काम करतो तो वेगळा आणि ज्याच्यासाठी करतो तो वेगळा. तुम्ही लोक अशा वेळी क्लायंटशी कसं बोलता? "सांगेल ते करून मोकळं व्हायचं" हे उत्तर नकोय, आणि "असा क्लायंट सोडून दे" हेही नको, कारण हा माणूस दलालाशिवाय थेट गिऱ्हाइकाला विकायचा प्रयत्न करतोय आणि त्याचं चाललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

जुना_कोडर_पुणे

चांगला प्रश्न. माझा अनुभव सांगतो, डिझाइनवर वाद घालायला बसलात की हरलात, कारण तिथे तुमची आवड आणि त्यांची आवड एवढंच उरतं आणि पैसे त्यांचे असल्यामुळे त्यांची आवड जिंकते. त्याऐवजी त्यांच्याच फोनमधलं गेल्या सीझनचं व्हॉट्सअ‍ॅप उघडून दोघं बसा आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाचा पहिला मेसेज काय होता तेवढंच कागदावर लिहून काढा. तुम्ही वर जी यादी दिलीये ना ती त्यांच्याच गिऱ्हाइकांच्या तोंडून बाहेर येईल, आणि कदाचित तुम्हाला न सुचलेलं एखादं प्रश्नचिन्हही निघेल. मग म्हणायचं, दादा, हे प्रश्न लोक रोज विचारतात, तुम्ही रोज तेच टाइप करता, ही उत्तरं पहिल्या स्क्रीनवर टाकू. हे पटतं, कारण यात त्यांचा वेळ वाचतो.

सनईचं म्हणाल तर क्रोमने २०१८ पासून आवाजासकट आपोआप चालणारा व्हिडिओ अडवायला सुरुवात केलीये, आयफोनवर तर त्याच्याही आधीपासून. म्हणजे साइट उघडल्या उघडल्या सनई बहुतेकांना ऐकूच जाणार नाही. हे त्यांच्याच फोनवर दाखवा, विषय संपतो. व्हिडिओ काढून टाकायची गरज नाही, खाली "आमची बाग" म्हणून ठेवा, दाबल्यावरच लोड होईल असा. त्यांना बागेचा अभिमान आहे आणि तो असायलाच पाहिजे.

घड्याळाचं मात्र स्पष्ट नाही म्हणा. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या डिझाइनच्या युक्त्यांविरोधी, मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, त्यात १३ प्रकार दिलेत आणि पहिलाच प्रकार खोटी घाई दाखवण्याचा आहे. माल असताना संपत आला असं दाखवणं त्यात नेमकं बसतं. मोठ्या अ‍ॅपवाल्यांपुरतंच ते नाहीये, विक्रेत्यांनाही लागू आहे. खरा साठा दाखवायचा असेल तर खुशाल दाखवा, रोज सकाळी आकडा बदलायची तयारी मात्र पाहिजे.

अजून एक, थोडं विषयाबाहेरचं वाटेल. तुमचे पैसे कसे ठरलेत? सगळे काम संपल्यावर असतील तर शेवटच्या आठवड्यात तुम्ही कशालाही हो म्हणाल, कारण पैसे अडकलेले असतात. मी आधी काही रक्कम, डिझाइन मंजूर झालं की काही, लाइव्ह झाल्यावर उरलेली, असं लिहून घेतो. कोटेशनमध्येच एक ओळ असते की मोबाइलवर अमुक वेळात पान उघडेल, फॉर्म अमुक पायऱ्यांचा असेल, म्हणजे वापरणाऱ्याची बाजू कामाच्या अटींमध्येच येते, नंतर भांडून आणावी लागत नाही. आणि डोमेन क्लायंटच्या नावावर, क्लायंटच्या ईमेलवर. तुम्ही उद्या हे काम सोडलं तरी त्यांच्या गिऱ्हाइकाला साइट बंद दिसता कामा नये.

बागायतदार_घरचा

मी बागवाला आहे, वेबसाइटमधलं फार कळत नाही पण आमची बाजू सांगतो. भाव का लपवतात ते समजून घ्या, त्यात फसवायचा हेतू असतोच असं नाही. भाव रोज बदलतो. वाशीच्या मार्केटमध्ये आवक वाढली की खाली येतो, मध्येच अवकाळी पाऊस झाला किंवा उन्हाने गळ झाली की सगळं गणित फिरतं. सीझनच्या सुरुवातीचा भाव आणि मे महिन्यातला भाव यात जमीन-अस्मानाचा फरक. साइटवर एकदा भाव लिहिला की लोक तोच धरून बसतात, मार्चचा स्क्रीनशॉट मे महिन्यात दाखवतात आणि मे मधला पुढच्या मार्चमध्ये. दुसरं, शेजारचा बागवाला आणि व्यापारी पण साइट बघतात. म्हणून वाटतं नंबर घ्यावा, बोलून भाव सांगावा.

पण खरं सांगायचं तर फोनवर बोलून बोलून जीव जातो. दिवसभर काढणी चालू असते, आंबा देठासकट उतरवायचा, चीक अंगावर येऊ द्यायचा नाही, मग आकारमानाप्रमाणे वेगळा करायचा, पेट्या भरायच्या, आणि त्यातच फोन वाजत असतो. फोन उचलला नाही की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. तुम्ही आम्हाला असं काहीतरी द्या की मी सकाळी फोनवरून चार आकडे बदलले की साइटवर "आजचा भाव" म्हणून तारखेसकट दिसेल आणि खाली लिहिलेलं असेल की हा भाव आजपुरता. मग लपवायची गरजच नाही. बदल करायला डिझायनरला फोन करावा लागला तर मात्र कोण करणार ते, चार दिवसांनी जुना भाव तसाच राहणार.

आणि आकारमान पण द्या. नुसतं पाच डझन लिहून उपयोग नाही, फळ किती ग्रॅमचं ते लिहा, लोक त्यावरून भांडतात. पिकवण्याचंही लिहा. आम्ही पेंढ्यात आढी लावतो, कार्बाइडने पिकवायला कायद्याने बंदीच आहे, तरी प्रत्येक नवीन गिऱ्हाईक हे विचारतं आणि विचारायलाच पाहिजे. जीआयचा नोंदणी क्रमांक वरती ठळक लावा. हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी, आणि बाहेरचा आंबा देवगडच्या नावाने किती विकला जातो ते तुम्हाला माहीतच आहे. गिऱ्हाइकाला खात्री करता आली पाहिजे.

सीझन संपल्यावर काय दाखवायचं तेही ठरवून ठेवा. जून महिन्यात लोक ऑर्डर टाकतात, पैसे भरतात, मग परत करत बसावं लागतं.

न्यूजर्सीची_लेक

मी त्या लोकलमधल्या बाईच्या जागी नाहीये पण मीही तुमचीच गिऱ्हाईक. न्यू जर्सीत राहते, दर वर्षी आई-बाबांसाठी डोंबिवलीला आणि सासरी नाशिकला पेटी पाठवते. माझ्यासारखे खूप जण आहेत हे बागायतदारांनाही माहीत असतं पण फॉर्म बघितला की वाटतं आमचा विचारच झालेला नाही.

मोबाइल नंबरच्या रकान्यात दहाच आकडे चालतात. माझा नंबर त्यात बसत नाही म्हणून मी आईचा टाकते, मग सगळे मेसेज, ओटीपी, कुरियरवाल्याचा फोन तिलाच जातो, तिला काही माहीत नसतं, आणि मला ऑर्डर पोचली की नाही हे तिला विचारूनच कळतं. त्यामुळे सरप्राइज वगैरे तर विसराच. पैसे देणारा आणि पेटी घेणारा असे दोन वेगळे रकाने करा, देणाऱ्याला देशाच्या कोडसकट नंबर किंवा नुसता ईमेल चालू द्या, आणि दोघांना मेसेज जाऊ द्या. घेणाऱ्याला जाणाऱ्या मेसेजमध्ये कोणी पाठवलंय ते नाव हवं, नाहीतर म्हाताऱ्या माणसांना वाटतं काहीतरी फ्रॉड आहे आणि ते पेटी परत पाठवतात, आमच्या ओळखीत असं झालंय.

पैसे भरायच्या पानावर फक्त यूपीआयचा क्यूआर असतो. माझं एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं भारतातलं) खातं आहे, सगळ्यांचं नसतं. बाहेरच्या देशातलं कार्ड चालतं का ते पत्ता वगैरे सगळं भरून झाल्यावर कळण्याऐवजी पहिल्याच पानावर लिहिलेलं असेल तर बरं.

आणि हो, "अमेरिकेत पाठवता का" याचंही उत्तर लिहून ठेवा. इथे भारतीय आंब्याला २००७ मध्ये परवानगी मिळाली पण विकिरण केंद्रातून (किडीसाठी किरणांची) प्रक्रिया होऊन आलेलाच चालतो, कोणी घरून पेटी कुरियर करू शकत नाही. नाही हे उत्तर असलं तरी ते लिहिलेलं असावं, उगाच लोक व्हॉट्सअ‍ॅपवर विचारत राहतात आणि तुमचे बागायतदार उत्तरं देत राहतात.

कानाने_वाचणारा

मी नागपूरला बँकेत आहे, जन्मापासून दिसत नाही. ऑफिसात कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक हे स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारे प्रोग्रॅम, वापरतो. आंबे मीही मागवतो, म्हणून लिहितोय.

सनईबद्दल वर तांत्रिक बाजू आली, माझी बाजू अशी की साइटवर काहीही वाजायला लागलं की माझा स्क्रीन रीडर काय बोलतोय ते मला ऐकू येत नाही, आणि ती सनई बंद करायचं बटण शोधायला मला स्क्रीन रीडरच लागतो. म्हणून डब्ल्यूसीएजीमध्ये (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत) अगदी पहिल्या पातळीवरच नियम आहे की तीन सेकंदांपेक्षा जास्त आपोआप वाजणारा आवाज थांबवता आला पाहिजे. आपोआप सरकणाऱ्या फोटोंचंही तसंच, पाच सेकंदांच्या वर चालणारी हालचाल थांबवायची सोय हवी. काही स्लायडर तर असे केलेले असतात की मी खालचा मजकूर ऐकत असतो आणि मध्येच "स्लाइड तीन, स्लाइड चार" सुरू होतं.

पण मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो सांगू का, भावाच्या फोटोचा. बागवाले भावपत्रक छान रंगीत इमेज करून टाकतात, मला त्यातून एक अक्षर ऐकू येत नाही, फार तर फाइलचं नाव म्हणून आठ-दहा आकडे ऐकू येतात. बागायतदार दादांनी वर जे रोजच्या चार आकड्यांचं सांगितलं ते टेबल म्हणून, अक्षरांत टाका. मी एच दाबत एका हेडिंगवरून दुसऱ्या हेडिंगवर उडी मारतो, त्यामुळे "आजचा भाव" हे खरोखरचं हेडिंग असू द्या, नुसतं मोठ्या ठळक अक्षरातलं नको. बटण हे बटणच असावं. नुसत्या डबीला रंग देऊन त्यावर क्लिक लावलेलं असतं, ते मला बटण आहे हे कळतच नाही आणि कीबोर्डने दाबताही येत नाही. फॉर्मच्या रकान्याला लेबल हवं, आत फिकट अक्षरात लिहिलेलं आणि टाइप करायला लागलं की गायब होणारं पुरत नाही.

यातलं काहीही डोळस माणसाच्या आड येत नाही. माझी आई पंच्याहत्तरीची आहे, तिला दिसतं पण पांढऱ्यावर केशरी अक्षरं वाचता येत नाहीत. आंबेवाल्यांच्या साइटवर हे हटकून असतं कारण आंब्याचा रंग वापरायचा मोह होतो. साध्या अक्षरांना कमीत कमी ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांतला उजेडाचा फरक) लागतो, केशरी-पिवळं पांढऱ्यावर त्याच्या जवळपासही जात नाही. केशरी पट्टी करा आणि त्यावर गडद तपकिरी अक्षरं लिहा, आईला वाचता येतील.

शिरोरेषा

वरच्यांनी बरंच सांगितलंय, मी फक्त मराठी मजकुराबद्दल बोलतो कारण ते कोणी काढलं नाही. साइट मराठीत करणार असाल, आणि कराच, तर क्लायंटकडून मजकूर कसा येतोय ते आधी बघा. गावाकडच्या प्रिंटिंगवाल्याकडून आलेला मजकूर पुष्कळदा श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतो, तो युनिकोडमध्ये बदलून घेतला नाही तर साइटवर कचरा दिसतो, आणि त्याची इमेज करून टाकलात तर सर्चमध्ये येत नाही शिवाय वरच्या दादांना ऐकूही येत नाही.

इंग्रजी टेम्प्लेट घेऊन त्यात मराठी ओतली की दोन गोष्टी नक्की बिघडतात. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेलं असतं त्यामुळे शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडका दिसतो, देवनागरीला ते शून्य ठेवा. आणि दोन ओळींमधलं अंतर कमी असतं, वरची वेलांटी-मात्रा आणि खालचा उकार एकमेकांना चिकटतात, म्हणून १.६ च्या आसपास ठेवून फोनवर बघा. फॉन्ट ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स’ घ्या, दोन्ही फुकट आहेत, दोनच वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) लोड करा, देवनागरीच्या फाइली जड असतात आणि कोकणातल्या नेटवर्कवर ते जाणवतं.

अजून एक सापडायला अवघड गोष्ट. मराठी कीबोर्डवरून टाइप करणारे लोक मोबाइल नंबर ९८… असा देवनागरी आकड्यांत टाकतात. जावास्क्रिप्टमधला आकडे तपासायचा नेहमीचा पॅटर्न फक्त रोमन आकडे धरतो, मग फॉर्म म्हणतो "नंबर चुकीचा आहे", आणि त्या माणसाला समोर बरोबर नंबर दिसत असतो, तो काय दुरुस्त करणार. रकान्याचा प्रकार टेल (फोन नंबरचा) ठेवा म्हणजे आकड्यांचा कीपॅड उघडेल, आणि तरीही कोणी देवनागरी आकडे टाकलेच तर कोडमध्ये गुपचूप बदलून घ्या, वापरणाऱ्याला त्रास देऊ नका. पिनकोडलाही तेच.

कोकणी_पिक्सेल

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. काल बागायतदारांकडे जाऊन व्हॉट्सअ‍ॅप उघडून बसलो. पहिल्या मेसेजेसमध्ये भाव आणि पोचायची तारीख हे तर होतंच, पण मला अजिबात न सुचलेला एक प्रश्न खूप जणांचा निघाला, "अक्षय्य तृतीयेच्या आधी मिळेल का?" आणि त्याच्या पाठोपाठ "कुठून घेऊन जायचं?", कारण पेट्या टेम्पोने किंवा ट्रॅव्हल्सने जातात आणि लोकांना दादरला, कोथरूडला कुठल्या थांब्यावर उभं राहायचं तेच कळत नाही. हे दोन्ही आता वरच्या भागात घेतोय, पिनकोड टाकला की घरपोच की थांब्यावर आणि अंदाजे तारीख असं दिसेल.

भावाचं त्यांना तेच हवं होतं जे इथे बागायतदार_घरचा दादांनी सांगितलं, भीती जुन्या भावाचीच होती. चार रकान्यांचं छोटं पान करून देतोय, फोनवरून भरायचं, तारीख आपोआप पडेल, आणि दुपारी बारापर्यंत नवीन भाव भरला नाही तर जुना आकडा जाऊन "भावासाठी फोन करा" येईल. घड्याळ गेलं, नियमाबद्दल सांगितल्यावर ते स्वतःच म्हणाले नको. व्हिडिओ खाली गेला. स्लायडरवर अजून अडून बसलेत, त्यांच्या वडिलांनी लावलेल्या जुन्या कलमांचे फोटो त्यात आहेत आणि मला ते समजतं, म्हणून आपोआप न सरकणारी, बोटाने पुढे न्यायची फोटोंची ओळ करतोय, प्रत्येक फोटोला वर्णन लिहून. ती वर्णनं त्यांनाच सांगायला लावणार आहे, झाडाचं वय वगैरे त्यांनाच माहीत.

एक शंका राहिली. साइट मराठीत आणि इंग्रजीत अशी दोन्ही आहे, काही पानांवर मराठी मजकुरात इंग्रजी शब्द येतात. स्क्रीन रीडरला भाषा कशी कळवायची, प्रत्येक शब्दाला सांगत बसायला लागतं का?

कानाने_वाचणारा

नाही, एवढं करायची गरज नाही. मराठी पानाच्या कोडमधल्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगलाच भाषा म्हणून एमआर (मराठीचा कोड) लिहा, इंग्रजी पानाला ईएन. टेम्प्लेटमधलं ईएन तसंच राहिलं की माझ्याकडे मराठी मजकूर इंग्रजी आवाज वाचायला जातो आणि काहीच समजत नाही. मराठी पानावर एखादा आख्खा परिच्छेद इंग्रजी असेल तर त्या परिच्छेदाला वेगळं सांगा, "पेमेंट", "कुरियर" असले शब्द देवनागरीत लिहिलेत तर मराठी आवाज ते नीट वाचतो. टेस्टिंगची लिंक तयार झाली की मला मेसेज करा, टॉकबॅकवर ऑर्डर टाकून बघतो आणि कुठे अडलं ते बोलून रेकॉर्ड करून पाठवतो, ते बागायतदारांनाही ऐकवा.

शिरोरेषा

एमआर लिहिल्याने अजून एक होईल, ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे दिसतील, हिंदी वळणाचे नाही. आणि थांब्यांची नावं लिहिताना सोबत नकाशाची लिंक द्या, कोथरूडला एकाच नावाचे थांबे दोन्ही बाजूंना असतात.